समुद्राची हद्द तुकोगंजपर्यंत

इंदूरच्या तुकोगंज भागातून समुद्र दिसत नाही. सर्वांत जवळचा किनारा खंबातच्या आखाताचा, तोही तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. होळकरांच्या राजवटीत वसलेल्या या वस्तीत, विशेषतः नाथ मंदिराच्या परिसरात, मराठी आजही कानी पडते. तेथील मराठी कुटुंबांच्या लेखी समुद्र म्हणजे बहुधा गोव्याची सहल. वस्तुतः तुकोगंजचे नाते एका नव्हे, दोन समुद्रांशी आहे. इंदूरच्या नळांना येणारे पाणी प्रामुख्याने नर्मदेचे. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून विंध्याचा चढ चढवून ते १९७८ पासून शहरात आणले जाते. नर्मदा अरबी समुद्राला मिळते. वापरून झालेले हेच पाणी मात्र नाले आणि प्रक्रिया केंद्रे यांच्या वाटेने कान्ह नदीत उतरते आणि पुढे क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा असा प्रवास करत बंगालच्या उपसागराकडे जाते. एका समुद्राच्या वाट्याचे पाणी पिऊन सांडपाणी दुसऱ्या समुद्राकडे धाडणाऱ्या या शहराचा देशातील सागरी संस्थांच्या कामाशी काहीही संबंध नाही, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. ही रीत आता महाग पडू लागली आहे.

या प्रश्नाकडे गोव्याने विशेष लक्ष देण्यास कारण आहे. आकाराने लहान असलेल्या या राज्यात दोन मोठ्या राष्ट्रीय सागरी संस्था आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्यालय दोना पावल येथे आहे, तर १९९८ पासून ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र वास्कोत आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली. हिमखंडापर्यंत पोहोचलेल्या या ज्ञानव्यवस्थेला माळवा त्या मानाने जवळचा. पण अंटार्क्टिका समुद्रापलीकडे आहे आणि माळवा समुद्राच्या पाठीमागे, आणि आपल्या सागरी संस्थांची रचना पुढे पाहण्यासाठी झाली आहे.

सरकारी धोरणातही हीच दृष्टी दिसते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेस पाच वर्षांसाठी मंजुरी दिली. पाणबुडी वाहन आणि खनिजे, हवामानविषयक सल्ला, जैवविविधता, सर्वेक्षण, ऊर्जा व गोडे पाणी आणि सागरी जीवशास्त्राचे केंद्र असे तिचे सहा घटक आहेत. नद्यांनी वाहून आणलेले प्रदूषण हा त्यांपैकी एकही नाही. २०२२ च्या स्वच्छ सागर अभियानासाठी ७५ किनारे निवडले गेले. कचरा जेथून निघतो ती गावे आणि शहरे त्या यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. खुल्या समुद्रातील जैवविविधतेविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १७ जानेवारी २०२६ पासून अमलात आला. भारताने त्यावर २०२४ मध्ये स्वाक्षरी केली आहे. जगाचे लक्ष असे किनाऱ्यापासून दूर, राष्ट्रांच्या हद्दीपलीकडे जात असताना समुद्रातील कचऱ्याचा मोठा भाग जमिनीवरूनच येतो आहे.

यामागे कोणाचा दुष्ट हेतू नाही, कारभाराची विभागणी आहे. नदी जलशक्ती मंत्रालयाकडे, समुद्रविज्ञान पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे, किनारपट्टीचे नियमन पर्यावरण मंत्रालयाकडे, मासेमारी आणखी वेगळ्या मंत्रालयाकडे. पाण्याला या सीमा ठाऊक नाहीत. नर्मदेवर धरणे झाल्यानंतर भरूचच्या मुखाशी गोड्या पाण्याचा ओघ घटला, खारे पाणी आत सरकले आणि तेथील हिलसा माशाची मासेमारी रोडावली. यांतील धरणाचा हिशेब एका खात्यात आणि माशाचा दुसऱ्या खात्यात मांडला जातो.

गोव्याच्या किनाऱ्यावरही असाच धडा आहे. समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ १९९७ पासून कांदोळीसमोरील समुद्राची नियमित मोजणी करीत आले आहेत. पावसाळ्यात आणि त्यानंतर या उथळ पाण्याच्या तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो. ही घटना मुळात नैसर्गिक असली तरी ती तीव्र होत असावी आणि जमिनीवरून येणारी नत्रयुक्त खते हे त्याचे एक कारण असू शकते, अशी मांडणी या शास्त्रज्ञांनी २००० साली ‘नेचर’मध्ये केली. निसर्गाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हा वाद शास्त्रात चालू राहील. कांदोळीच्या पाण्यात माळव्याचे खत येत नाही हेही खरे. पण प्रत्येक किनाऱ्याच्या पाठीमागे त्याचा स्वतःचा माळवा असतो.

देवघेव एकतर्फीही नाही. सोयाबीन पिकवणाऱ्या माळव्यातील पावसाचा मोठा भाग बंगालच्या उपसागरात तयार होऊन मध्य भारतावरून सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे पडतो. त्याचा अंदाज समुद्रातील तरंगकांवर आणि दर दहा दिवसांनी सुमारे दोन हजार मीटर खोलीवरून वर येऊन मोजमापे पाठवणाऱ्या स्वयंचलित यंत्रांवर अवलंबून असतो. ही माहिती संकलित करणारे केंद्र हैदराबादला आणि मॉन्सूनच्या अभ्यासाची प्रमुख संस्था पुण्याला आहे. म्हणजे समुद्राचे विज्ञान किनारा सोडून आत येऊ शकते. समुद्राचे शिक्षण आणि संरक्षण तेवढे किनाऱ्यावर अडकून राहिले आहे.

इंदूरला हा विचार नवा नाही. जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी या शहराचा आराखडा १९१८ मध्ये सादर केला, तेव्हा नद्यांची स्वच्छता त्यात महत्त्वाची होती. डोंगरमाथ्यावरील खाणकामगारापासून समुद्राकाठच्या कोळ्यापर्यंत नदीचे संपूर्ण खोरे एकाच चित्रात पाहावे, हा त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. शंभर वर्षांनंतर इंदूरने घरातच कचरा वेगळा करण्याची शिस्त लावून २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या स्पर्धेत सातत्याने पहिला क्रमांक मिळवला. नाल्यात न पडलेला प्रत्येक प्लास्टिकचा तुकडा समुद्रात जाण्यापासून वाचतो. त्या अर्थाने इंदूरने समुद्रासाठी केलेले काम अनेक किनारी शहरांपेक्षा सरस ठरेल. मात्र कान्हचा प्रश्न सुटलेला नाही. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी तिचे दूषित पाणी वाहिनीतून उज्जैनच्या घाटांना वळसा घालून पुढे सोडण्याची सोय झाली आणि २०२८ च्या सिंहस्थासाठी तशीच अधिक मोठी योजना हाती घेण्यात आली. प्रक्रिया केंद्रांचे कामही सोबत चालू आहे. पण वळसा घातल्याने घाट वाचतो, खालचे गाव वाचत नाही.

यावर आक्षेप असा घेतला जाईल की, संशोधन संस्थांनी जहाजे चालवावीत, गटारे पाहणे नगरपालिकांचे काम आहे. आक्षेप निराधार नाही. संस्थांचे मनुष्यबळ मर्यादित आहे. पण प्रश्न गटारे साफ करण्याचा नसून, वरच्या गावाने सोडलेल्या पाण्याचे खाली काय होते हे त्या गावाला पुराव्यानिशी सांगण्याचा आहे, आणि तो पुरावा याच संस्थांकडे आहे. समुद्रकिनारा नसलेला स्वित्झर्लंड १९५० पासून ऱ्हाइन नदीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा सदस्य आहे. १९८६ मध्ये बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागून नदी विषारी झाली, तेव्हा खोऱ्यातील देशांनी समुद्रातून नदीत परतणाऱ्या सामन माशाला आपल्या कार्यक्रमाची कसोटी ठरवले. वरच्या देशाच्या कामाचे मोजमाप खालच्या माशाने केले गेले.

आपल्याकडेही तसे उदाहरण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साथीने कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि पुढे कासव महोत्सव भरवला. पुण्या-मुंबईचे लोक गावकऱ्यांच्या घरी उतरतात, पहाटे पिल्ले समुद्राकडे जाताना पाहतात आणि त्यातून गावाला मिळकत होते. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे घरटी राखणाऱ्या गोव्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. इंदूरहून येणाऱ्या पर्यटकाला मात्र या घरट्यांची आणि कान्ह नदीची गोष्ट एकत्र कोणी सांगत नाही.

गोव्याला यात नैतिक अधिकार आहे आणि अडचणही. म्हादईचा उगम कर्नाटकात आहे. वर जे होते त्याचे परिणाम खाली भोगावे लागतात, हा युक्तिवाद गोवा वर्षानुवर्षे करीत आला आहे. तोच न्याय समुद्राने गोव्याला लावला, तर पणजीच्या सांतिनेज नाल्याचे उत्तर द्यावे लागेल.

खोल समुद्र मोहिमेचा पुढील टप्पा आखताना नदीच्या उगमापासून मुखापर्यंतच्या पाण्याची नोंद एकाच खात्यावर मांडणारा घटक तिच्यात असावा, ही मागणी गोव्यातून होणे उचित ठरेल. दोना पावल आणि वास्को येथील संस्थांनी इंदूरसारख्या शहरांतील विद्यापीठे व शाळांशी कायमचे संबंध जोडावेत, यासाठी लागणारा खर्च एखाद्या सागरी सफरीच्या तुलनेत किरकोळ आहे. तुकोगंजातील विद्यार्थ्याला आपल्या घरामागच्या नाल्याचे पाणी तपासून ते कोणत्या समुद्रात जाते हे सांगता आले, तर सागरी शिक्षण किनारा ओलांडून आत आले असे म्हणता येईल.