पापडीच्या शिरा आणि गुलाबी मनोरा

बडोद्यातील मांजलपूरच्या सोसायट्यांमधील ज्या घरांत तीन ते सहा वर्षांचे मूल आहे, त्यांपैकी बऱ्याच घरांत दिवाणखान्याचा एक कोपरा अलीकडे मॉन्टेसरीसाठी राखून ठेवलेला आढळतो; तेथे बुटके लाकडी फडताळ असते, फडताळावर ट्रे असतात, प्रत्येक ट्रेमध्ये एक उपक्रम मांडलेला असतो आणि हे उपक्रम कोणत्या क्रमाने करून घ्यावयाचे याचा तक्ता फ्रीजवर चुंबकाने लावलेला असतो. या व्यवस्थेविरुद्ध तत्त्वतः काही तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच की, उतराणीच्या, म्हणजे मकरसंक्रांतीच्या, आधीच्या या आठवड्यात, ज्या घरात उंधियूसाठी आणलेल्या सुरती पापडीचा ढीग स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेला असतो, त्याच घरातील मूल चिमटीची पकड पक्की व्हावी म्हणून एका वाटीतले प्लास्टिकचे मणी दुसऱ्या वाटीत टाकत बसलेले असते, आणि ते चुकून पापडीकडे सरकलेच, तर त्याला काखोटीला मारून पुन्हा ट्रेपाशी आणून बसवले जाते.

इतिहास थोडक्यात असा. मारिया मॉन्टेसरी यांनी मुलांसाठीचे आपले पहिले घर ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कामकरी वस्तीत, भाडेकरूंच्या एका इमारतीतच उघडले, कारण आईबाप कामावर गेल्यावर मागे उरणारी मुले जिने आणि भिंती खराब करतात ही मालकांची डोकेदुखी होती. गुजरातेत हा विचार रुजवला तो वकिली सोडून आलेल्या गिजुभाई बधेका यांनी, भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात, १९२० पासून. १९२३ मध्ये त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला व नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह हेच काम आदिवासी मुलांपर्यंत नेले. स्वतः मॉन्टेसरीबाई भारतात आल्या त्या १९३९ च्या नोव्हेंबरात, म्हणजे गिजुभाईंच्या निधनानंतर काही महिन्यांनी. एक गुजराती वकील आणि एक मराठी बाई यांनी मिळून उभारलेल्या या कामाचा वारसा मांजलपूरच्या मराठी माणसाने खरे तर हक्काने सांगावयास हवा. प्रत्यक्षात तो खोक्यातून घरी येतो आणि खोक्यावर गिजुभाई व ताराबाई या दोघांपैकी कोणाचेही नाव नसते.

खोक्यातील सर्वच सामग्री निरुपयोगी आहे, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. गुलाबी मनोरा नावाने ओळखले जाणारे साधन, म्हणजे एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत बाजू असलेले दहा लाकडी ठोकळे, हे फार विचारपूर्वक केलेले आहे. रंग, आकार, पोत सारे एकच ठेवून फक्त लहानमोठेपणा तेवढा बदलल्यामुळे मुलाचे लक्ष त्या एकाच गुणावर खिळते. दट्ट्यांच्या ठोकळ्यात प्रत्येक दट्ट्याला एकच भोक नेमके बसते, म्हणून शेवटी एक दट्ट्या हातात उरला की कोठेतरी चुकले हे मोठ्यांनी न सांगता मुलाला कळते. साधनानेच चूक दाखवून देण्याच्या या युक्तीला मॉन्टेसरी पद्धतीत चुकीचे नियंत्रण म्हणतात. अशी कामे कुशल सुताराने करावी लागतात आणि त्यांना पर्याय म्हणून घरातले डबे पुढे करणारी मंडळी डब्यांना कड्या, झाकणे आणि पोचे असतात हे विसरतात.

परंतु मॉन्टेसरींच्या अभ्यासक्रमाचा पहिला भाग, म्हणजे ओतणे, पुसणे, झाडणे, घडी घालणे, बटण लावणे, सोलणे इत्यादी रोजच्या जीवनातील कामे, हा सुताराचा प्रांतच नव्हे. रोमच्या त्या इमारतीतील मुले जेवणाची टेबले मांडीत, खरे सूप वाढीत. श्रीमंत स्त्रियांनी भेट दिलेली खेळणी मात्र तशीच पडून राहत, असे मॉन्टेसरी नोंदवतात. नाक कसे शिंकरावे याचा धडा त्यांनी एकदा रुमाल घेऊन, कोणास न हसता आणि कोणास न रागावता दिला, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण नाकावरून बोलणी सर्वांनी खाल्ली होती आणि नाकाचे करावयाचे काय हे तोवर कोणीच दाखवले नव्हते. जानेवारीच्या थंडीत ज्या घरात मूल आहे त्या घराने या धड्यावर विचार करावा.

येथे विषय पापडीकडे वळतो, आणि हे सदर भाजीबाजाराकडे वळले की लवकर परतत नाही, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. सुरती पापडी निवडणे म्हणजे प्रथम देठाचे टोक मोडावयाचे, पण तोडून टाकावयाचे नाही, तर मोडलेल्या टोकाला धरून शेंगेच्या पाठीवरून शीर खाली ओढत न्यावयाची. मग शेंग उलटी धरून दुसऱ्या कडेची शीर तशीच काढावयाची. ओढ जास्त झाली तर शीर मध्येच तुटते आणि कमी झाली तर ती निघतच नाही, त्यामुळे बोटांतला जोर किती असावा हे शीरच शिकवते. त्यानंतर शेंग उकलून आत पाहावे लागते. कोवळी असेल तर साल व दाणे दोन्ही घ्यावयाचे, जून असेल तर नुसते दाणे, आणि आत अळी असेल तर काहीच नाही. चिमटीची पकड, दोन्ही हातांचा मेळ, तीन प्रकारांत वर्गीकरण आणि चुकीचे नियंत्रण हे सारे या एका कामात आहे. अळीइतके निःपक्षपाती नियंत्रण रोममध्येही उपलब्ध नव्हते.

ताराबाई आणि अनुताईंनी कोसबाडला शंखशिंपले, बिया, पाने आणि खडे यांतून शिक्षणाची साधने तयार केली, आणि गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणावर नेली, तेव्हा त्यामागे काटकसर होतीच. पण मुलाच्या हातात आधीपासून असलेल्या वस्तूवरच त्याचे मन सर्वांत अधिक बसते ही जाणही होती. मांजलपुरात काटकसरीची गरज नसल्यामुळे ती जाण अनावश्यक ठरली असावी.

मूल पापडीपर्यंत पोहोचत नाही याचे कारण मात्र मण्यांचा ट्रे नव्हे. ते कारण ताटाच्या पलीकडच्या बाजूला मांडी घालून बसलेले असते. एखाद्या घरातील आजी दोन्ही हातांनी, दूरदर्शनकडे पाहत, एका किलोचा फडशा पाडीत असते आणि नातू एका शेंगेशी झटत असतो. त्याची शीर अर्ध्यावर तुटते, तो दुसऱ्या टोकाने सुरुवात करतो, जीभ बाहेर येते, श्वास रोखला जातो, आणि शीर आता निघणार अशा क्षणी आजीचा हात पुढे येतो व "आण इकडे, मी करते" हे वाक्य उच्चारले जाते. हे वाक्य मराठी घरात प्रेमाने उच्चारले जाते, म्हणूनच त्यावर उपाय नाही. पुस्तके वाचलेली आई हे वाक्य तोंडाने उच्चारत नाही, पण मूल पाठमोरे झाले की त्याच्या वाटीतील शेंगा पुन्हा निवडते, आणि मुलांना पाठीलाही डोळे असतात. ट्रेचा खरा गुण यातच आहे: ट्रेमधील कामाची घरातील कोणालाच गरज नसल्याने ते कोणी हिसकावून घेत नाही.

ट्रेमधीलच एका साधनाबद्दल, म्हणजे बोटाने गिरवण्याच्या खरखरीत कागदाच्या अक्षरांबद्दल, बडोद्यातील मराठी घरापुरती एक स्वतंत्र अडचण नोंदवावी लागते. घरी गिरवलेल्या बाळबोध अक्षराला शिरोरेखा असते, बाहेरच्या पाट्यांवरील गुजराती अक्षराला ती नसते. प, म, ग, न ही अक्षरे रेघ काढून घेतली की जवळपास तीच राहतात, क आणि ज मात्र ओळखू येत नाहीत. ही अडचण मुलांना दोन आठवडे आणि पालकांना दोन वर्षे छळते.

ट्रेबाहेर हिसकावून न घेतल्या जाणाऱ्या कामांचा शोध घेतला, तर तो गच्चीवर संपतो. उतराणीच्या दिवशी पतंग उडवणारा काका असतो आणि त्याच्यामागे फिरकी धरणारे पाच-सहा वर्षांचे मूल असते. फिरकी म्हणजे मांजा गुंडाळलेले रीळ, ज्याच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या मुठीत सैल धरावयाच्या असतात. काका ढील देतो तेव्हा मूठ सैल हवी, म्हणजे रीळ गरगर फिरते. तो खेचून घेतो तेव्हा पायाशी पडणारा मांजा गुंता होण्याआधी, काचेच्या धारेला बोट न लावता, दांड्या फिरवून एकसारखा गुंडाळावयाचा. आणि चारी बाजूंनी "काप्यो छे" अशी आरोळी उठली तरी वर पाहावयाचे नाही. गुंता झाला तर कोणी काही शिकवण्याआधीच तो दिसतो. एवढी एकाग्रता त्या मुलात आहे हे त्याच्या बालवाडीला सांगूनही पटणार नाही. हे काम त्याच्या हाती राहते, याचे श्रेय मात्र काकाच्या शिक्षणविषयक मतांना देता येत नाही. फिरकी धरण्यास मोठ्यांपैकी कोणीच तयार नसते, एवढेच त्याचे कारण आहे.

याच न्यायाने पापडीसाठीही योग्य मुहूर्त सापडतो. वासी उतराणीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, उरलेली पापडी निवडण्याचा उत्साह आजीलाही नसतो; त्या दुपारी मुलाला बोलावून ताट त्याच्यापुढे सरकवावे आणि मोठ्यांनी खुशाल झोपावे. ताट ओट्यावर न ठेवता फरशीवर ठेवावे, आणि अळ्यांसाठी एक वेगळी वाटी अवश्य द्यावी, कारण मुलाला सर्वांत अधिक रस त्या वाटीतच असतो.