एकच दार असलेले घर

१/ दुबळ्या उत्पादकाने एखाद्या बड्याशी ‘फक्त तुमच्याशीच’ असा करार केला की तो तरतो, असे व्यापारात मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. या समजुतीविरुद्धचा पुरावा घिवलीच्या शेजारी, तारापूरला, अर्धशतकाहून अधिक काळ उभा आहे.

२/ १९६३ च्या भारत-अमेरिका करारानुसार तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी तीस वर्षे केवळ अमेरिकेचेच समृद्ध युरेनियम वापरायचे होते. १९६९ मध्ये केंद्र सुरू झाले. पुरवठादार एकच असणे तेव्हा सोयीचे वाटले.

३/ १९७४ मध्ये पोखरणची चाचणी झाली. १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध नवा कायदा केला आणि पुरवठा अडखळला. वचन कोणी मोडले यावर वाद रंगला. भट्ट्यांना मात्र इंधन हवे होते. अखेर १९८२ मध्ये फ्रान्स पुढे आला.

४/ राष्ट्राला दुसरे दार शोधता आले. पाम कंपनीला तेवढा अवधी मिळाला नाही. ६ जून २००९ रोजी तिचा ‘प्री’ स्मार्टफोन अमेरिकेत केवळ स्प्रिंटच्या जाळ्यावर आला. स्प्रिंट तेथे तिसऱ्या क्रमांकाची आणि स्वतःच ग्राहक गमावणारी कंपनी होती. बुडणाऱ्याने बुडणाऱ्याचाच हात धरला.

५/ फोन आवडला तरी इतर जाळ्यांच्या ग्राहकाला आपला करार मोडून, दंड भरून यावे लागे. ग्राहक थोडे, म्हणून ॲप रचणारे थोडे. ॲप थोडी, म्हणून ग्राहक आणखी थोडे. जानेवारी २०१० मध्ये व्हेरायझनचे दार उघडले, तोवर मोटोरोलाचा ‘ड्रॉइड’ तेथे स्थिरावला होता. एप्रिलमध्ये एचपीने १२० कोटी डॉलरला पाम घेण्याचे जाहीर केले. २०११ मध्ये ते फोनही बंद पडले.

६/ आक्षेप ठरलेला: ॲपलचा आयफोनही २००७ पासून २०११ पर्यंत अमेरिकेत एटी अँड टीपुरताच होता! होता. पण आयफोनसाठी ग्राहक आपले जाळे सोडून येत. ज्याच्यामागे ग्राहक धावतो, त्याच्या हाती असा करार शस्त्र ठरतो. ज्याला ग्राहकामागे धावावे लागते, त्याच्या पायात तो बेडी होतो.

७/ पामच्या पतनाला इतर कारणेही होती, हे मान्य. तथापि दुबळ्याला सर्वांत अधिक गरज असते ती पर्यायांची, आणि असा करार नेमके तेच विकत घेतो. एकच दार असलेल्या घराची किल्ली नेहमी दुसऱ्याच्याच कमरेला असते.