तणाव आणि तिसरी आज्ञा

आपल्या धर्मग्रामांतून अलीकडे तणावमुक्तीच्या शिबिरांचे पीक आले आहे. वक्ते येतात, डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यावयास सांगतात, चिंता म्हणजे श्रद्धेचा अभाव असे बजावतात आणि चहापानानंतर मंडळी पांगतात. या शिकवणुकीस आमचा स्पष्ट विरोध आहे. प्रार्थनेने मनास शांती लाभते, हे आम्ही वेदीवरून सांगत आलो आहोत आणि सांगत राहू. परंतु पहाटे विरारहून चर्चगेटची गाडी पकडून रात्री नवाला घरी परतणाऱ्या माणसाचा रक्तदाब वाढला, तर 'तुझी श्रद्धा उणी' असे त्यास ऐकवणे ही करुणा नव्हे. तो आजाऱ्यावर ठेवलेला आणखी एक आरोप आहे.

संकट समोर दिसताच शरीरात अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके स्रवतात. हृदयाची गती वाढते, रक्तातील साखर चढते, पचन मंदावते. ही परमेश्वराने केलेली सोय घटकाभराची आहे. तीच अवस्था महिनोन्महिने टिकली, म्हणजे झोप उडते, रक्तदाब चढाच राहतो आणि रोगप्रतिकारशक्ती खचते. यात श्रद्धाळू आणि अश्रद्ध असा भेद शरीर करीत नाही.

तणाव हा मोठ्या हुद्द्याच्या साहेबांचा आजार, असाही एक समज आहे. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांविषयी १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासाने तो खोडून काढला. हुद्दा जितका खालचा, तितके हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक, असे तेथे आढळले. धूम्रपानादी कारणे वजा करूनही बराच फरक उरला. पुढील संशोधनात आपल्या कामावर आपली सत्ता नसणे हे एक महत्त्वाचे कारण म्हणून पुढे आले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली जाहीर केले, की आठवड्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो. त्यात लोकलच्या दारात लोंबकळण्याचे तास धरलेले नाहीत!

आणि आपल्याकडे काय घडले? सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास संमती दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, असे सांगितले जाते. कागदावर ती राहीलही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगाराच्या शक्तीपलीकडे काम घेऊ नये आणि त्यास विश्रांती द्यावी, असा आग्रह धरला होता. या परिपत्रकाची पारायणे करणारे आपले सुशिक्षित मात्र बारा तासांविषयी मौन पाळून आहेत.

एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याच्या श्रद्धेची झडती घेतली नाही. त्यास झोपू दिले, भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. प्रवास तुझ्या शक्तीबाहेरचा आहे हे देवदूतानेच मान्य केले (१ राजे १९). वक्त्यांनी हा अध्याय एकदा वाचावा.

तिसरी आज्ञाही आपण अर्धीच शिकवतो. रविवारी मिस्सा चुकली, की पापनिवेदनात ते सांगितले जाते; घरच्या गड्यास सुट्टी दिली नाही, हे कोण सांगतो? अनुवादाच्या पाचव्या अध्यायात विसाव्याचा दिवस दास, दासी, परका, बैल आणि गाढव यांच्यासाठीही आहे, आणि आज्ञा घरधन्यास उद्देशून आहे. थकलेल्याने मन आवरावे असे तेथे म्हटलेले नाही. राबवणाऱ्याने हात आवरावा असे म्हटले आहे.

आपल्याकडे घरधनी पुष्कळ आहेत. कोणाचे दुकान आहे, कोणाचा कारखाना, कोणाच्या घरी मोलकरीण. शिवाय सून आहेच. सहा दिवस कचेरी आणि चूल सांभाळून सातव्या दिवशी ती पाहुण्यांसाठी मटण शिजवते. मिस्सेच्या वेळी तिला पेंग आली, तर सासूबाई कोपराने ढोसतात. तणावमुक्तीच्या पुढील शिबिरास सुनेऐवजी सासूबाईंना आणि कामगाराऐवजी त्याच्या मालकास पाठवावे, अशी आमची धर्मग्राम समितीस सूचना आहे.