फोटोत मागची भिंतही येऊ द्या

सुट्टीत उमरग्याहून सोलापूरकडे जाणारी बरीच कुटुंबे वाटेत नळदुर्गला उतरतात. मोबाइलवर वीस-पंचवीस फोटो निघतात. घरी येऊन पाहावे तर सगळ्यांत माणसेच! बोरी नदीवरचा १६१३ सालचा पाणीमहाल कुणाच्या तरी कानामागे चार बोटे दिसतो. माणसे हवीतच. पण एक फोटो पंधरा-वीस पावले मागे सरून काढा. बुरुजाच्या पायथ्याशी पोराला उभे करा. बुरूज केवढा, हे मग सांगावे लागत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या तेरला गेलात तर त्रिविक्रम मंदिराच्या पुढच्या मंडपावरून परत फिरू नका. मागे जा. विटांची ती मागची बाजू अर्धगोल आहे, वर छत गजपृष्ठाकार. कार्ले-भाजे पाहिलेल्याला ही घडण लगेच ओळखू येईल. हेन्री कझिन्स या पुरातत्त्व अधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वीच हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे मत मांडले. तो अर्धगोल फोटोत आला, तर मुलाला शाळेत दाखवायला पुरावा हाती राहतो. आज तेथे पूजा चालते, तेव्हा आत फोटो काढण्याआधी विचारावे, हे वेगळे सांगायला नको.

तेरच्या लामतुरे संग्रहालयात गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तू आहेत. तेथेही परवानगी घेऊन, फ्लॅश बंद करूनच. काचेला कॅमेरा टेकवला की चकाकी येत नाही. हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती जरूर पाहा. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीत, इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेई शहरात सापडली आहे. तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक ग्रंथात लिहिले आहे, की येथले कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि पुढे जहाजांवर चढे. तशा जुन्या जहाजाचे चित्र पाहायचे तर अजिंठ्याचे दुसरे लेणे. तीन डोलकाठ्यांचे जहाज भिंतीवर रंगवलेले आहे. तेथे मात्र फ्लॅश मुळीच चालत नाही. रंग दीड हजार वर्षांचे आहेत, आपल्या एका फोटोसाठी ते विटायला नकोत.

मुंबईला ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका २००१ ते २०१२ पर्यंत संग्रहालय म्हणून पाहता येई. २०१४ मध्ये ती दारूखान्यात मोडीत निघाली. एवढे पोलाद गेले, मग मातीच्या भिंतींचे काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर-किल्लारीकडची दगडमातीची घरे कोसळली, हजारो माणसे गेली. घराबरोबर भिंतीवरची तसबीरही ढिगाऱ्याखाली गेली. आज त्या गावच्या नातवाने आजोबांना विचारले, जुना आपला वाडा, जुनी आपली गल्ली कशी होती, तर दाखवायला काही नाही. आजोबा बोटाने मातीत रेघा ओढून सांगतात.

म्हणून सहलीला निघण्याआधी एक फोटो आपल्याच दारात उभे राहून काढा. चौकट, चूल, गल्लीतला हापसा, जुने विहार सगळे घ्या. मोबाइल पाण्यात पडतो, चोरीला जातो. तेव्हा निवडक पाच-सहा फोटो छापून आणा. मागे शिसपेन्सिलीने गाव, तारीख, कोण कोण उभे आहे ते लिहा. पेनची शाई पुढच्या बाजूला उमटते.