जोडलेल्या इंजिनाचा कागद

मासेमारीबंदी उठायला थोडे दिवस उरले, की हर्णे असो की मालवण, किनाऱ्यावरच्या गॅरेजांत झुंबड उडते. १ जूनपासून ताडपत्रीखाली पडलेलं आउटबोर्ड इंजिन जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बाहेर निघतं आणि नाखवा येऊन सांगतो, "मिस्त्री, मशीन जाम झालंय." फ्लायव्हील हलत नाही. हेड खोलावं, तर सिलिंडरच्या भिंतीला पिस्टनचं ॲल्युमिनियम फासलेलं. नवं इंजिन घ्यायचं म्हणजे लाखांची गोष्ट, आणि नारळी पौर्णिमा तोंडावर. मग एकाकडून जुना ब्लॉक, दुसऱ्याकडून खालचा गिअरकेस, तिसऱ्याच्या फळीवरचा कार्ब्युरेटर असं करत इंजिन उभं राहतं.

या कामाला नावं ठेवायला आम्ही हे लिहीत नाही. छोट्या मच्छीमाराचा धंदा या जोडकामावर तगून आहे आणि ते नीट करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताला तोड नाही. आमची तक्रार एवढीच, की बोल्ट बसले म्हणजे पार्ट जुळला असं धरून चालण्याची सवय आपल्यात रुजली आहे. जोडलेली इंजिनं समुद्रात बंद पडतात त्याचं मोठं कारण ही सवय आहे.

बोल्ट बसणारच. कंपन्या एकाच ढाच्यात अनेक मॉडेलं काढतात. यामाहाच्या टू-स्ट्रोकमध्ये ९.९ आणि १५ अश्वशक्तीची इंजिनं एकाच २४६ सीसीच्या ब्लॉकवर उभी आहेत. फरक आहे तो आत, जिथे पाना पोचत नाही. मर्क्युरीच्या ६० अश्वशक्तीच्या फोर-स्ट्रोकला दोन तऱ्हेचे गिअरकेस येतात. साध्याचा रेशो १.८३, जड बोटींसाठीच्या कमांड थ्रस्टचा २.३३. कव्हरवरचा ६० चा आकडा दोन्हीकडे तोच. कव्हर वाचून गिअरकेस मागवणाऱ्याला यातलं काही कळणार नाही.

आता समजा, २.३३ च्या जागी १.८३ चा गिअरकेस लागला आणि पंखा मात्र पूर्वीच्याच पिचचा ठेवला. इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत पंखा सत्तावीस टक्के जास्त फिरायला बघतो. पाणी ते होऊ देत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा, तरी इंजिन आपल्या आरपीएमपर्यंत चढत नाही. चढावर टॉप गिअरमध्ये ट्रक रेटावा तसं ते आतल्या आत कुंथत राहतं. सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते, इंधन नको त्या क्षणी भडकतं, रिंगांचे खाचे तुटतात आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं. नाखवा आधीपासून सांगत असतो, "मशीनला ओढ नाही." आपण जेट बदलतो, कार्ब्युरेटर धुतो, प्लग बदलतो. गिअरकेस नुकताच बसवलेला, त्यात तेल स्वच्छ, आवाज नाही, म्हणून त्याच्यावर संशयच जात नाही.

अशा एका इंजिनाचा पिस्टन मी एका गॅरेजात हातात घेऊन पाहिला. माथ्यावर, एक्झॉस्टच्या बाजूला, वाटाण्याएवढं भोक, कडा वितळून गोल झालेल्या. शेजारचा पिस्टन वरून शाबूत दिसत होता, पण नख फिरवलं तर वरच्या रिंगेखालची पट्टी तुकड्यानं निघाली. मालकाने तेलाला दोष दिला होता, मिस्त्रीने पेट्रोलला. पंखा दहा वेळा फिरवून मोजला तेव्हा कुठे खरं कारण सापडलं.

हे मोजायला कसलं यंत्र लागत नाही. प्लग काढा, इंजिन पुढच्या गिअरमध्ये टाका, फ्लायव्हीलवर आणि पंख्यावर खडूची खूण करा. पंखा बरोबर दहा फेरे फिरवा आणि फ्लायव्हीलचे फेरे मोजा. साडेअठराच्या आत थांबलं तर रेशो १.८३, तेवीसच्या पुढे गेलं तर २.३३. यामाहाच्या १५ ला सत्तावीस-तेरा दातांची जोडी असते, तिथे आकडा एकवीसच्या किंचित आत येतो. एकच फेरा मोजला तर चूक होते, दहा मोजले तर होत नाही. जुना गिअरकेस भंगारात टाकण्याआधी त्याचीही मोजणी करून ठेवा.

ड्रमचं काय? पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये इंजिन चालवून "झालं काम" म्हणणं आपल्याकडे सर्रास चालतं. ड्रममध्ये गळती कळते, पाण्याची धार येते की नाही ते कळतं, गिअर पडतो की नाही ते कळतं. भार कळत नाही. पंखा फेसाळलेल्या पाण्यात मोकळा फिरतो आणि कुठलंही इंजिन तिथे जोरात गरजतं. खरी परीक्षा खाडीबाहेर, जाळी, बर्फ आणि खलाशी धरून नेहमीचं वजन होडीत असताना, प्लगच्या वायरला गुंडाळायचा साधा टॅकोमीटर लावून. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम पुस्तिकेतल्या पट्ट्यात, बऱ्याच टू-स्ट्रोकांत तो ४,५०० ते ५,५०० असतो, आलं पाहिजे. कमी आलं तर पंख्याची पिच उतरवा. एक इंचाला साधारण दीडशे-दोनशे आरपीएमचा फरक पडतो. त्यामुळे थोडी तफावत पंख्याने भरून निघते. हजाराची तफावत दिसली तर पंख्याच्या मागे न लागता गिअरकेस उतरवा.

उलटी चूकही जीवघेणी आहे. भार कमी पडला, की खाडीच्या तोंडाशी लाटेवर पंखा पाण्याबाहेर येताच इंजिन सुसाट सुटतं आणि कनेक्टिंग रॉड जातो. नेमकी ती जागा अशी, की इंजिन बंद पडलं तर लाट होडीला आडवी घालते.

पिस्टनच्या बाबतीत थोडं वेगळं बोलायला हवं. एका सिलिंडरमध्ये स्टँडर्ड आणि दुसऱ्यात अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज असा ब्लॉक दिसला, की काहीजण नाक मुरडतात. बोअर सरळ असेल आणि क्लिअरन्स बरोबर असेल तर असं इंजिन चालतं. अडचण पुढच्या मिस्त्रीची होते. त्याला कोणी सांगितलेलं नसतं, तो सगळ्या रिंगा स्टँडर्ड मागवतो. अर्धा मिलिमीटर मोठ्या बोअरमध्ये स्टँडर्ड रिंगेच्या टोकांमधली फट दीड मिलिमीटरहून जास्त वाढते. कॉम्प्रेशन बसतं आणि दोष नव्या रिंगांवर जातो. केरोसीनच्या मॉडेलचं हेड मुद्दाम कमी कॉम्प्रेशनचं असतं. त्या इंजिनावर पेट्रोलचं हेड चढवून केरोसीन चालू ठेवलं, तर पिस्टनचे दिवस भरलेच. गिअरकेस चढवताना ड्राइव्हशाफ्टच्या स्प्लाइनला ग्रीस लावा, वरच्या टोकाला मात्र लावू नका. तिथे कोंडलेलं ग्रीस शाफ्ट पूर्ण बसू देत नाही आणि बोल्ट आवळताना सगळा जोर क्रँकवर येतो. पंधरा इंची आणि वीस इंची शाफ्टची अदलाबदल निदान डोळ्याला दिसते. शिफ्ट रॉडची चार आट्यांची चूक दिसत नाही. गिअर अर्धवट धरतो आणि काही आठवड्यांत डॉगच्या कडा झिजून तो आपोआप सुटू लागतो.

म्हणून आमचा आग्रह एका कागदाचा आहे. जोडलेलं इंजिन गॅरेजबाहेर पडताना त्याच्याबरोबर सही केलेला कागद गेला पाहिजे. ब्लॉक कुठल्या मॉडेलचा, प्रत्येक सिलिंडरचा बोअर किती, हेड पेट्रोलचं की केरोसीनचं, सीडीआय कुठली, दहा फेऱ्यांची मोजणी काय आली, पंख्याचा व्यास आणि पिच, प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, आणि भाराखाली मिळालेलं आरपीएम. एक प्रत नाखव्याकडे, एक आपल्या वहीत, एक प्लास्टिकमध्ये घालून इंजिनाच्या कव्हरच्या आत.

यावर काही मिस्त्रींची हरकत आम्हाला माहीत आहे. मिसळीचे पार्ट लिहून दिले तर गिऱ्हाईक भाव पाडतं, आणि काही बिघडलं तर कागद आपल्याच अंगावर येतो. पहिली भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे मोजणीची आणि समुद्रातल्या चाचणीची मजुरी बिलात वेगळी लावणं. तासाभराचं काम आहे, त्याचे पैसे मागायला संकोच कशाला? दुसरी हरकत आम्हाला मान्य नाही. त्या इंजिनावर तांडेल आणि खलाशी खाडी ओलांडतात. पर्यटकांच्या बोटी परत सुरू झाल्या, की त्याच तऱ्हेच्या इंजिनामागे लहान मुलं बसलेली असतात. आत काय बसवलंय ते सांगण्याची जबाबदारी आपलीच आहे आणि ती तोंडी निभत नाही.

कागदाचा कोरा नमुना या अंकाच्या मधल्या पानांवर दिला आहे, फाडून झेरॉक्स काढता येईल असा. फोर-स्ट्रोकसाठी व्हॉल्व्ह क्लिअरन्स आणि टायमिंग बेल्टचे रकाने अजून अपुरे आहेत. रोज ती इंजिनं खोलणाऱ्यांनी सुचवण्या पाठवाव्यात, दुरुस्त नमुना पुढच्या अंकात छापू.