टांगलेल्या गिटारीविषयी

मराठवाड्यात गिटार वाजताना क्वचित ऐकू येते आणि भिंतीवर टांगलेली मात्र वारंवार दिसते. या निरीक्षणाला आधार नांदेड-लातुरातील आमच्या येण्याजाण्यापुरताच आहे, हे आधीच कबूल करतो. नववीत असताना हट्टाने घेतलेली तीन-चार हजारांची गिटार अकरावीच्या प्रवेशाबरोबर खिळ्यावर जाते आणि ‘बारावी होऊ दे, मग वाजव’ या आश्वासनावर दोन उन्हाळे काढते. ज्याला ‘लातूर पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्र ओळखतो, त्यात शिकवणीच्या खोल्यांचा, वसतिगृहांचा आणि निकालांचा हिशोब पुष्कळ झाला आहे. या खिळ्यांचा कोणी केलेला नाही.

अशीच एक गिटार काही दिवसांपूर्वी आमच्याकडे आली. मुलगा स्नेह्यांचा, बारावी आणि नीट दोन्हींतून नुकताच सुटलेला. तक्रार अशी की दांडीवरून हात खालीवर नेला की बोटाच्या कडेला काहीतरी टोचते. पाहतो तो फ्रेटबोर्डाच्या दोन्ही कडांना पडद्यांची टोके करवतीच्या दातांसारखी बाहेर आलेली, आणि पट्टीवर हात ठेवावा तर चिकट.

“काका, दर महिन्याला खोबरेल लावलो की,” तो म्हणाला. “तरी लाकूड सुकलं कसं?”

या प्रश्नाने आम्हांला लिहायला बसवले. मुलाने निष्काळजीपणा केलेला नव्हता. मनापासून केलेली काळजी चुकीच्या दिशेने गेली होती. त्या चुकीचे मूळ आमच्या मते आपल्या एका क्रियापदात आहे. आपल्या भाषेत लाकूड तेल ‘पिते’. जे पिते त्याला तहान असणार, आणि तहान असेल तर पाजणे हे पुण्यकर्म. तान्ह्या बाळाची टाळू तेलाने भरावी, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीत बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळावे, दाराची बिजागरी कुरकुरली की तेलाचे बोट लावावे. स्निग्ध पदार्थ हा आपल्याकडे मायेचा पुरावा असतो. गिटारीनेही तो का मागू नये?

पण लाकडाची तहान पाण्याची असते, आणि ते पाणी त्याला हवेतून मिळते. हवा कोरडी झाली की लाकूड आपला ओलावा सोडते आणि आडवे आकसते. लांबीत जवळजवळ फरक पडत नाही, रुंदीत पडतो. त्यात ठोकलेल्या पडद्यांची तार धातूची, ती आकसत नाही. पट्टी अरुंद झाली आणि तार होती तेवढीच राहिली, म्हणून टोके बाहेर. गिटार बनवणारे लोक हवेतील आर्द्रता पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांच्या आसपास असावी असे सांगतात. एप्रिल-मेच्या दुपारी लातुरात ती याच्या निम्म्यावरही येते, आणि आषाढ-श्रावणात ऐंशीच्या पुढे जाते. दोन टोकांमधली ही ये-जा लाकडाने सोसायची. तेलाचा थर ओलाव्याच्या देवघेवीचा वेग जरा मंद करील. निघून गेलेले पाणी तो परत आणू शकत नाही.

लातूरकरांना हे खरे तर कोणी समजावून सांगायला नको. एप्रिल 2016 मध्ये या शहरासाठी रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, आणि ते आले मिरजेहून. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचे गाव, ज्यांच्या त्या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वाद्यांच्या गावाने कोरड्या गावाला पाणी पाठवले, या योगायोगाचे फार काही करू नये. पण गिटारीला तेल पाजताना तो आम्हांला आठवतो खरा.

आता लाकडाविषयी. चांगल्या गिटारींचा फ्रेटबोर्ड जगभर ज्या लाकडांचा करतात, त्यांतले एक आपल्या ओळखीचे आहे: शिसव. जुन्या वाड्यांतले शिसवी पलंग आणि पेट्या ज्याच्या, तेच सह्याद्री आणि दक्षिणेतले झाड. त्याच्या कुळाच्या लाकडावर 2017 च्या जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून 2019 च्या नोव्हेंबरात सूट मिळाली. दुसरे लाकूड आबनूस. ते परके वाटते, पण आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातले आहे, जिची पाने किनवटच्या रानातून विडीसाठी गोळा होतात. या दोन लाकडांची पट्टी बहुधा उघडीच ठेवतात, वरून लाखेचा किंवा वार्निशचा थर देत नाहीत, म्हणून तिला अधूनमधून तेलाचा हात चालतो. मॅपलच्या फिकट पट्टीवर मात्र चकचकीत थर असतो. तिथे तेल लावणे म्हणजे काचेला तेल लावणे. आणि तीन-चार हजारांच्या गिटारीत पुष्कळदा साधेच लाकूड काळे रंगवलेले असते. ओल्या फडक्यावर काळा रंग उतरू लागला तर हात आवरावा.

तेल कोणते, याचे उत्तर मराठवाड्यापाशी पूर्वीपासून आहे. खोबरेल आणि शेंगदाण्याचे तेल वाळत नाही. ते पट्टीवर तसेच बसते, धूळ धरते, पुढे खवट होते. जवसाचे तेल वाळते, म्हणजे हवेतला प्राणवायू घेऊन त्याचा घट्ट पापुद्रा होतो. करडईचेही काहीसे तसेच. मोटेच्या कातड्यासाठी करडईच्या तेलाचे रोगण वापरीत ते याच गुणामुळे. जवस आणि करडई दोन्ही आपल्या रब्बीतली पिके, सोयाबीन येण्यापूर्वी शिवारात सर्रास दिसणारी. तेव्हा घाण्यावरच्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब अख्ख्या पट्टीला पुरतात. ते थेंब फडक्यावर घ्यावेत, पट्टीवर ओतू नयेत, आणि पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळे पुसून काढावे. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. जवसाच्या तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये; वाळताना ते आतून तापते आणि पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवावे.

बाजारात ‘लेमन ऑइल’ म्हणून मिळते ते बहुतांशी सुगंधी खनिज तेल असते. त्यात हरकत काही नाही. नावावर विसंबून एकाने पट्टीवर लिंबू पिळल्याचे आमच्या पाहण्यात आहे. पडदे जर्मन सिल्व्हरचे असतात आणि त्यात तांबे असते. लिंबाच्या आम्लाने त्यांचे व्हायचे ते झाले.

तेलाच्या आधी जे करायचे त्याला मात्र कोणी महत्त्व देत नाही. तारा सैल कराव्या, काढून ठेवाव्या. सगळ्या एकदम काढल्याने दांडी मोडत नाही. कोरड्या ब्रशाने काळ्या मातीची धूळ झाडावी. पडद्यांच्या कडेला घाम, मेलेली त्वचा आणि तेल यांचे जे किटण साचते, ते मुदत संपलेल्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडावे. मग घट्ट पिळलेले फडके, लगेच कोरडे फडके. आमच्या पाहुण्या गिटारीवर या कामाला दीड तास लागला आणि खोबरेलाचे तपकिरी गोळेच्या गोळे निघाले. मुलगा गप्प बसून पाहत होता. त्याने दोन वर्षे लावलेली माया आम्ही खरवडून कागदावर काढत होतो, याची आम्हांलाही थोडी लाज वाटली.

येथे एक तुलना करावीशी वाटते, थोडी अन्यायाची असली तरी. याच जिल्ह्यांत गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतात. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलताना पुढचा माणूस आधीच्याच्या पाया पडतो, त्याच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतो आणि तार छेडत उभा राहतो, पहाटे तीनलासुद्धा. त्या वीणेच्या दांडीला कोणी जाणीवपूर्वक तेल लावत असेल असे वाटत नाही. पण ती रोज कोणाच्या तरी हातात असल्याने तिच्यातली चीर, सैल झालेली खुंटी, उचकटलेला सांधा कोणाच्या तरी लक्षात येतो. गिटार एकट्याची असते. त्या एकट्याला दोन वर्षे वेळ नसला की तिचे दुखणे कळणारे घरात कोणी उरत नाही.

म्हणून आमचा आक्षेप तेलाच्या बाटलीवर कमी आणि त्या खिळ्यावर जास्त आहे. बारावीच्या पोराने दिवसातून दहा मिनिटे वाजवल्याने वैद्यकीयची जागा जाते, असे मानणाऱ्या पालकांशी वाद घालण्याची आमची ताकद नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी शेत गहाण ठेवून शिकवणीची फी भरलेली असते, हेही आम्ही जाणतो. पण टांगायचीच असेल तर निदान तारा उतरवून, पेटीत घालून, भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर स्पंज ठेवून तरी ठेवावी, आणि उन्हाळ्यात तो स्पंज आठवड्याला ओला करण्याचे काम आईने, आजीने, कोणीही करावे. माठ भरण्याइतकेच ते काम आहे.

मुलाच्या गिटारीची टोके आम्ही बारीक कानशीने घासली नाहीत. एक पावसाळा जाऊ दे, असे सांगितले. हवेने घेतलेले हवेने परत दिले तर काही टोके आपोआप आत जातील, उरतील तेवढीच घासू. तो म्हणाला, पावसाळ्यात तो इथे नसेल, प्रवेश कुठे मिळेल ते ठरायचे आहे. मग गिटार कुठे ठेवणार, असे आम्ही विचारले. त्याने आमच्या भिंतीकडे पाहिले. तिथे खिळा नव्हता.