घरी पाठविलेला रुग्ण

हृदयविकार वा न्यूमोनियातून उठून घरी गेलेले वृद्ध ३० दिवसांच्या आत पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण ज्या रुग्णालयात अपेक्षेहून अधिक, त्याच्या मेडिकेअर (वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) देयकांतून रक्कम कापण्याचा जो शिरस्ता अमेरिकन सरकारने ऑक्टोबर २०१२ पासून पाडला, तो मला निम्माच न्याय्य वाटतो. कॅनडातील ‘लेस’ गुणांक मुक्कामाचे दिवस, दाखल होतानाची निकड, सहव्याधी आणि मागील सहा महिन्यांतील तातडीच्या विभागाच्या खेपा यांवरून असा रुग्ण पुन्हा दाखल होण्याचा धोका वर्तवितो खरा. परंतु लघवीची गोळी वेळेवर कोण देणार, पायांवर सूज चढण्यापूर्वी रोज सकाळी वजनाची नोंद कोण ठेवणार, हे त्या बेरजेत कोठेच येत नाही. कापलेली ही रक्कम, कमाल तीन टक्के का होईना, पहिल्याच आठवड्यात रुग्णाच्या घरी जाणाऱ्या परिचारिकेच्या वेतनाकडे सक्तीने वळवावी.